वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटी: चार टर्म, सत्तावीस विषय आणि एक पदवी

गेल्या वर्षभरात ह्यूस्टनमधल्या ओळखीच्या सात-आठ जणांनी मला एकच गोष्ट विचारली. कुणी गणपतीच्या जेवणाच्या रांगेत, कुणी पोरांना पोहायला सोडताना पार्किंगमध्ये. "तू ती घरबसल्या डिग्री केलीस ना, खरी असते का ती? चालते का?" उभ्या उभ्या दोन वाक्यांत सांगितलं की अर्धंच सांगितल्यासारखं वाटतं. म्हणून एकदाच बैठक मारून लिहितोय.

आधी माझी परिस्थिती सांगतो, कारण ती कळली नाही तर माझं मत तुमच्या उपयोगाचं नाही. मिरजेत २००१ साली इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला. पुढं इंजिनिअरिंगला थेट दुसऱ्या वर्षात जायचं होतं, पण त्याच वर्षी वडिलांचं आजारपण निघालं आणि मी कुपवाड एमआयडीसीत कंट्रोल पॅनेल दुरुस्तीला लागलो. ते काम पंधरा वर्षं केलं. बायको मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात शिकलेली नर्स. तिच्या नोकरीवर २०१६ मध्ये आम्ही टेक्सासला आलो. इथं मी आधी एका गोदामात, मग एका मोठ्या हॉस्पिटलच्या आयटी हेल्पडेस्कवर रात्रपाळीला लागलो. पासवर्ड उघडून देणं, प्रिंटर, बारकोड स्कॅनर, नर्सा ढकलत नेतात त्या चाकांवरच्या कॉम्प्युटरच्या बॅटऱ्या, ही सगळी कामं माझ्याकडे. काम जमत होतं. वॉर्डातून फोन आला की "त्यालाच पाठवा" म्हणायचे.

पण हॉस्पिटलच्या आत वरची जागा निघाली की अर्जात एक चौकोन यायचा: बॅचलर्स पदवी आहे का? 'नाही'वर टिचकी मारली की अर्ज तिथंच संपायचा. तीनदा असं झालं. तिसऱ्या वेळी ज्या मुलाला जागा मिळाली त्याला सर्व्हर रूम कुठं आहे हे मी दाखवलं होतं. त्या रात्री घरी येऊन मी जेवलो नाही. चाळिशी ओलांडली होती, मुलगी सातवीत होती, आणि चार वर्षं दिवसा कॉलेजात जाऊन बसणं मला शक्यच नव्हतं.

वेस्टर्न गव्हर्नर्सचं नाव मला बायकोच्या वॉर्डातून कळलं. तिच्याबरोबरच्या निम्म्या नर्सा आरएन, म्हणजे नोंदणीकृत नर्स, झाल्यावर बीएसएन ही नर्सिंगची पदवी तिथूनच करत होत्या. अमेरिकेत नर्सिंग आणि शिक्षकी पेशात हे नाव घरोघरी आहे. आयटीची पदवीही तिथं मिळते हे मला त्यातल्याच एकीनं सांगितलं.

ही युनिव्हर्सिटी १९९७ साली पश्चिमेकडच्या एकोणीस राज्यांच्या गव्हर्नरांनी मिळून काढली, म्हणून हे नाव. कल्पना मुख्यतः युटाचे माइक लेव्हिट आणि कोलोराडोचे रॉय रोमर यांची. एक रिपब्लिकन, एक डेमोक्रॅट, हे मला विशेष वाटतं. नफ्यासाठी चालवलेली नाही. मुख्य कार्यालय युटात, सॉल्ट लेक सिटीच्या परिसरात. टेक्साससाठी २०११ मध्ये वेगळी शाखाही जाहीर झाली. मान्यता नॉर्थवेस्ट कमिशन ऑन कॉलेजेस अँड युनिव्हर्सिटीज या संस्थेची, म्हणजे त्या भागातल्या जुन्या नामांकित सरकारी विद्यापीठांना जी संस्था मान्यता देते तीच. "खरी असते का" याचं उत्तर इथं संपतं. आज तिथं दीड लाखांहून जास्त विद्यार्थी आहेत.

नाव घालण्याआधी मी एक प्रकरण नीट वाचून काढलं होतं, आणि तुम्हीही वाचा. २०१७ मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याच्या तपासनिसांनी अहवाल दिला की इथं शिक्षक आणि विद्यार्थी यांचा नियमित, भरीव संपर्क होत नाही, तेव्हा हे पत्राद्वारे शिक्षणच झालं, आणि विद्यार्थ्यांच्या मदतीपोटी घेतलेले ७१ कोटी ३० लाख डॉलर परत करावेत. २०१९ च्या जानेवारीत खात्यानं ती शिफारस मान्य केली नाही आणि विषय मिटला. मला मात्र तपासनिसांचा प्रश्न अगदी बरोबर वाटला. शिक्षक समोर उभा नसेल तर त्याला शिकणं म्हणायचं का? दोन वर्षं मी हा प्रश्न डोक्यात ठेवूनच तिथं शिकलो.

पद्धत अशी. याला कॉम्पिटन्सी-बेस्ड म्हणतात, म्हणजे विषय तुम्हाला येतो हे दाखवा आणि पुढं सरका. वर्गात किती तास बसलात ते कुणी मोजत नाही. वेळापत्रक नाही, हजेरी नाही, लेक्चरची ठरलेली वेळ नाही. टर्म सहा महिन्यांची, आणि ती कुठल्याही महिन्याच्या १ तारखेला सुरू करता येते. फी विषयावर नाही, टर्मवर. सहा महिन्यांत किमान बारा युनिट घ्यावी लागतात, म्हणजे साधारण चार विषय. ते उरकले तर त्याच फीत पाचवा घ्या, दहावा घ्या.

आमच्या ताईनं लग्नानंतर नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बीए केलं. रविवारी सांगलीला अभ्यासकेंद्रावर जायची, दप्तरात पुस्तकं आणि डबा. तिला ते विद्यापीठ होतं म्हणून शिकता आलं, आणि त्याबद्दल माझ्या मनात कायम आदर आहे. पण तिला विषय मार्चमध्ये येत असला तरी परीक्षा विद्यापीठ घेईल तेव्हाच. इथं उलट आहे. परीक्षेची तारीख माझी मी ठरवायची. तयारी झाली तर परवा, नाहीतर दोन महिन्यांनी.

मी १ फेब्रुवारी २०२३ ला सुरुवात केली. शाखा सायबरसिक्युरिटी अँड इन्फर्मेशन अॅश्युरन्स, म्हणजे संगणक आणि माहितीची सुरक्षा. इंग्रजी, गणित असे काही विषय मी आधीच जवळच्या कम्युनिटी कॉलेजात केले होते आणि कॉम्पटिया या आयटीच्या परीक्षा घेणाऱ्या संस्थेचं ए प्लस प्रमाणपत्र नोकरीसाठी काढलेलं होतं. ते सगळं धरलं गेलं आणि सत्तावीस विषय उरले. ही गोष्ट कुणी नाव घालण्याआधी सांगत नाही म्हणून मी सांगतो: जे बाहेर स्वस्तात होतं ते आधी बाहेर करून घ्या. एकदा टर्म सुरू झाली की मीटर चालू.

पैशाचं बोलतो. माझ्या शाखेला टर्मला चार हजार डॉलरच्या थोडं वर पडायचे. पुस्तकं त्यातच, आणि कॉम्पटियाच्याच नेटवर्क प्लस, सिक्युरिटी प्लससारख्या बाहेरच्या परीक्षांचे व्हाउचरही त्यातच. या परीक्षा स्वतःच्या खिशातून द्यायच्या म्हटलं तर एकेक कितीला पडते ते या क्षेत्रातल्या माणसाला ठाऊक आहे. चार टर्मचे मिळून साडेसतरा हजारांच्या आसपास गेले. त्यातले बरेच हॉस्पिटलनं परत दिले, कारण इथं कंपनीनं शिक्षणासाठी वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत दिले तर त्यावर कर लागत नाही. तेव्हा आधी आपल्या एचआरला विचारा. त्यांची अट असते 'बी किंवा वर'. इथं तर ग्रेडच नाही, फक्त पास. पण युनिव्हर्सिटीच्या नियमात पास म्हणजे बी किंवा वर, ३.० च्या बरोबरीचं, असं लिहिलेलं आहे. तो कागद मी अर्जाला जोडला आणि काम झालं.

आता शिकण्याचं.

पॅनेलचं काम करताना आणि पुढं हेल्पडेस्कवर मला एक सवय लागली होती: यंत्र काय बोलतंय ते ओळखायचं आणि हात चालवायचे. चौथ्या मजल्यावरचा लेबल प्रिंटर रात्री दोनला बंद पडला की मी त्याचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, बघायचो. १६९.२५४ नं सुरू होणारा पत्ता दिसला की केबल काढून परत लावायची, प्रिंटर बंद-चालू करायचा, बहुतेक वेळा चालायचं. का चालायचं ते मला माहीत नव्हतं. सहा वर्षं मी हे केलं. नेटवर्क प्लसच्या अभ्यासात एका संध्याकाळी ते पान आलं. यंत्राला पत्ता वाटणारा डीएचसीपी सर्व्हर सापडला नाही की ते स्वतःच १६९.२५४ मधला एक पत्ता उचलून घेतं. म्हणजे तो पत्ता प्रिंटरची तक्रार होती: "मी हाक मारतोय, कुणी ओ देत नाही." मी वही बंद करून बायकोला उठवलं आणि हे सांगितलं. ती दिवसपाळी करून आलेली होती, तरी उठून बसली आणि सगळं ऐकून घेतलं.

त्याच आठवड्यात चौथ्या मजल्याचा तोच प्रिंटर पुन्हा रुसला. या वेळी मी केबलला हात लावला नाही. भिंतीतला पोर्ट कुठल्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या कुठल्या कप्प्यात, आहे ते शोधलं, तो चुकीच्या व्हीलॅनमध्ये होता, नेटवर्कच्या माणसाला नेमक्या शब्दांत मेल लिहिला. त्यानंतर तो प्रिंटर त्या कारणानं कधी पडला नाही.

नेटवर्क प्लसला मी दोन महिने दिले. जास्तीत जास्त नव्वद प्रश्न, नव्वद मिनिटं, ९०० पैकी ७२० हवेत. लोक सांगत होते की आठवड्यात उरकतो. मला सबनेटिंग, म्हणजे एका नेटवर्कचे पत्ते छोट्या गटांत वाटण्याचं गणित, तेच तीन आठवडे पुरलं. कामावरून सकाळी साडेसातला आलो की वहीत हातानं दहा गणितं सोडवायचो, मग झोपायचो. शिकवायला माणूस होता का? होता. प्रत्येक विषयाला इन्स्ट्रक्टर असतात, वेळ मागून घेतली की फोनवर किंवा व्हिडिओवर अर्धा तास देतात. मला सबनेटिंग ज्या बाईंनी समजावलं त्यांनी अर्ध्या तासाचा तास केला. पण मागितलं तरच मिळतं हे लक्षात ठेवा. मागं बसून गप्प राहणाऱ्या मुलाला जसे आपल्याकडचे सर कान धरून पुढं आणायचे, तसं इथं कुणी आणणार नाही.

विषय तपासायच्या दोन तऱ्हा आहेत. एक ऑब्जेक्टिव्ह असेसमेंट, म्हणजे कॅमेऱ्यासमोर परीक्षा. दुसरी परफॉर्मन्स असेसमेंट, म्हणजे काहीतरी लिहून किंवा बनवून द्यायचं. पहिलीला मी घाबरत होतो, घाम मात्र दुसरीनं काढला.

कायद्याचा एक विषय आहे, लीगल इश्यूज इन इन्फर्मेशन सिक्युरिटी. त्यात टेकफाइट नावाची एक काल्पनिक कंपनी आणि तिथले गैरव्यवहार दिलेले असतात. १९८६ चे दोन कायदे, एक संगणकाच्या गैरवापराबद्दलचा आणि एक इलेक्ट्रॉनिक संदेशांच्या खाजगीपणाबद्दलचा, शिवाय २००२ चा सार्बेन्स-ऑक्सली, हे त्या प्रसंगाला कसे लागू होतात ते लिहायचं. मी सहा पानं लिहिली. आयुष्यात एवढं इंग्रजी सलग लिहिलं नव्हतं. दोन रात्री, सुट्टीच्या, फक्त त्यात घातल्या.

तिसऱ्या दिवशी पेपर परत आला. इथं तपासणारे वेगळे असतात, शिकवणारे वेगळे. तपासणाऱ्याला तुम्ही कोण ते माहीत नसतं, त्याच्यासमोर एक तक्ता असतो आणि प्रत्येक ओळीपुढं तीनच शेरे: कॉम्पिटंट, अप्रोचिंग कॉम्पिटन्स, नॉट एव्हिडंट. माझ्या नऊ ओळी कॉम्पिटंट आणि दोन अप्रोचिंग. एकीखाली लिहिलं होतं की कायदा बरोबर सांगितला आहे, पण कर्मचाऱ्याच्या कुठल्या कृतीनं तो मोडला ते सांगितलेलं नाही.

मला आधी राग आला. मग मी माझंच पान पुन्हा वाचलं. खरंच नव्हतं. मी कायदा सांगितला होता, गुन्हा सांगितला होता, आणि दोन्हीच्या मधला सांधा वाचणाऱ्यावर सोडला होता. "एवढं तर कळतंच की" असं मनात धरून. पॅनेल दुरुस्त करताना हे चालतं, कारण शेवटी मोटर फिरते की नाही एवढंच बघायचं असतं. लिहिताना नाही चालत. मी तो सांधा तीन वाक्यांत लिहिला, पेपर परत पाठवला, पास झाला. आजही घटनेचा अहवाल लिहिताना मी स्वतःला विचारतो, कुणी काय केलं आणि त्यानं नेमकं काय मोडलं. ही सवय मला त्या दोन ओळींनी लावली.

कॅमेऱ्याच्या परीक्षेबद्दल सगळेच विचारतात. लॅपटॉपचा कॅमेरा चालत नाही, वेगळा वेबकॅम बाजूला लावावा लागतो, म्हणजे तुम्ही, टेबल आणि स्क्रीन तिन्ही दिसतात. आधी खोली चारी बाजूंनी फिरवून दाखवायची. टेबल रिकामं. मध्ये कुणी खोलीत आलं तर परीक्षा बाद होऊ शकते. आमचं घर दोन खोल्यांचं अपार्टमेंट. एका खोलीत मुलीचा अभ्यास, दुसरीत कधी बायको झोपलेली तर कधी मी. सगळीकडून बंद होणारी एकच जागा होती, बेडरूमला लागून असलेलं कपड्यांचं वॉक-इन क्लॉझेट. तिथं घडीचं टेबल लावलं. एका अंगाला बायकोचे निळे स्क्रब्ज, दुसऱ्या अंगाला तिच्या साड्या आणि माझे दोन कोट. पहिल्या परीक्षेला खोली दाखवताना देखरेख करणाऱ्या बाईंनी विचारलं, कपड्यांच्या मागं काय आहे? मी हँगर एकेक बाजूला सरकवत भिंत दाखवली. साडी सरकवताना त्या म्हणाल्या, किती सुंदर रंग आहे. इरकली होती, सासूबाईंची. छातीतली धडधड तिथंच कमी झाली. त्या क्लॉझेटमध्ये मी चौदा परीक्षा दिल्या.

एक माणूस मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत तुमच्याबरोबर असतो, तो म्हणजे प्रोग्रॅम मेंटर. माझ्या मेंटर बाई आधी दर आठवड्याला, नंतर पंधरा दिवसांनी फोन करायच्या. रात्रपाळीमुळं माझी झोप दुपारी संपायची, म्हणून त्यांनी मंगळवारी तीनची वेळ धरून ठेवली ती शेवटपर्यंत. त्या विषय शिकवत नाहीत. गेल्या वेळी काय ठरलं होतं, झालं का, नसेल तर कशामुळं, एवढंच विचारतात. मला मंगळवार जवळ आला की आपोआप वेग यायचा. चाळिशीतल्या माणसाला असं विचारणारं कुणी उरलेलं नसतं, आणि त्याची गरज किती असते ते मला तेव्हा कळलं.

तिसरी टर्म सगळ्यात कठीण गेली. ती ३१ जुलै २०२४ ला संपत होती आणि त्यात एसएससीपी होती. ही आयएससी टू या संस्थेची संगणक-सुरक्षेची परीक्षा, घरी देता येत नाही, सेंटरवर जावं लागतं, १००० पैकी ७०० लागतात. या शाखेत तिचाच सगळ्यांना धाक. मी १० जुलैची तारीख घेतली होती. ८ जुलैला पहाटे बेरिल वादळ टेक्सासच्या किनाऱ्याला लागलं. ह्यूस्टन परिसरात वीस लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली. आमची सहा दिवस नव्हती. जुलैतला ह्यूस्टन आणि एसी नाही. मुलीला डॅलसला माझ्या मित्राकडं पाठवलं. परीक्षेचं सेंटर बंद, तारीख २६ जुलैवर गेली. नापास झालो तर पुन्हा बसायला महिनाभर थांबावं लागतं, म्हणजे विषय त्या टर्ममध्ये अपुरा राहणार हे नक्की होतं. घेतलेल्या युनिटपैकी किमान दोनतृतीयांश पूर्ण करत गेलात तरच केंद्र सरकारची शिक्षणासाठीची आर्थिक मदत चालू राहते, त्यामुळं असा एखादा मोठा विषय राहिला की सगळं गणित बिघडतं.

हॉस्पिटलला जनरेटर होता. पाळी संपली की मी घरी जायचोच नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या ब्रेकरूममध्ये फोन चार्जिंगला लावून सकाळी आठ ते अकरा वाचत बसायचो. एन्क्रिप्शनचे प्रकार, प्रवेशाचे नियम, घटना घडली की कुठल्या क्रमानं काय करायचं. त्याच आठवड्यात हॉस्पिटलमध्ये आपत्तीची योजना प्रत्यक्ष चालू होती. कुठलं यंत्र आधी जनरेटरवर, कुठलं नंतर, कुठला डेटा दुसरीकडून येतोय, हे पुस्तकात वाचायचं आणि बोळात बघायचं. २६ तारखेला सेंटरवर प्रश्न आला की मला बोळच दिसायचा. पास झालो. कागद हातात घेऊन गाडीत बसलो आणि आधी ताईला फोन लावला, सांगलीत रात्रीचे साडेबारा वाजले होते.

वेगाबद्दल स्पष्ट बोलतो, कारण या युनिव्हर्सिटीची जाहिरात लोक तोंडोतोंडी करतात ती त्यावरच. सहा महिन्यांत अख्खी पदवी घेतलेले लोक आहेत. पंधरा वर्षं नेटवर्क चालवलेल्या माणसानं तसं केलं तर त्यात गैर काही नाही, तो आधीपासून पात्रच होता, फक्त कागद नव्हता. पण एकाच फीत जितके विषय तितके आपले, हे गणित डोक्यात शिरलं की माणूस विषय उरकायला लागतो. माझंही झालं. दुसऱ्या टर्ममध्ये डेटाबेसचा विषय मी सरावपरीक्षेतले प्रश्न घोकून नऊ दिवसांत पास केला. आज कुणी मला डेटाबेसमधून माहिती काढायची साधी क्वेरी लिहायला सांगितली तर मला थांबून शोधावं लागतं. ते नऊ दिवस वाचवले म्हणून मला वाईट वाटतं. त्या तपासनिसांच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं, की इथं शिकायची सगळी सोय आहे आणि न शिकता पुढं जायचीही बरीच सोय आहे. दोन्हींतलं काय घ्यायचं ते रोज सकाळी साडेसातला एकट्यानं ठरवावं लागतं.

म्हणून बारावी झालेल्या, कामाचा अनुभव नसलेल्या मुलाला मी इथं पाठवणार नाही. माझ्या मुलीलाही नाही. तिला वर्ग हवा, मित्र हवेत, समोर उभं राहून फळ्यावर चूक दाखवणारे शिक्षक हवेत. इथं शेजारच्या बाकावर कुणी नाही. दोन वर्षांत माझा एकही वर्गमित्र झाला नाही, आणि ही उणीव मला जाणवली. कंपन्या कॅम्पसवर येऊन मुलं निवडतात तो प्रकारही नाही. पुढं संशोधनाकडं वळायचं असेल तर ओळखणारा प्राध्यापक लागतो शिफारसपत्राला, ग्रेड लागतात, आणि इथं सगळ्यांचं एकच ३.०. त्या वाटेनं जाणाऱ्यानं दुसरीकडं बघावं.

ताईच्या मुलानं सांगलीतून विचारलं, "मामा, मी इथून करू का?" त्याला मी नाही म्हणालो. एक तर ही युनिव्हर्सिटी अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी आहे. विद्यार्थी व्हिसावर इथं येऊन करू म्हटलं तरी जमत नाही, कारण त्या व्हिसाच्या नियमात पूर्णवेळ शिक्षणात सत्राला एकच ऑनलाइन विषय धरला जातो आणि इथं तर सगळंच ऑनलाइन. आणि ज्यांना पदवी घेऊन पुढं भारतात परतायचंय, सरकारी नोकरी किंवा तिथल्या विद्यापीठात प्रवेश हवाय, त्यांनी पैसे भरायच्या आधी दिल्लीच्या यूजीसीकडं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाकडं (२०२५ पर्यंत हे काम असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज करायची), परदेशी ऑनलाइन पदवीच्या समकक्षतेची लेखी चौकशी करावी. इथं ग्रीन कार्डावर किंवा नागरिक म्हणून राहणारे, हातात काम असलेले, कागदाविना अडलेले, त्यांच्यासाठी मात्र मी डोळे मिटून हो म्हणेन. नर्सिंगमधल्या आपल्या मराठी मुली इथं खूप आहेत, त्यांना तर आवर्जून सांगतो.

जानेवारी २०२५ मध्ये शेवटचा विषय, कॅपस्टोन म्हणजे समारोपाचा प्रकल्प, पास झाला. मार्चमध्ये हॉस्पिटलात सिक्युरिटी अॅनालिस्टची कनिष्ठ जागा निघाली. तोच अर्ज, तोच चौकोन. 'हो'वर टिचकी मारली आणि पुढचं पान उघडलं. मुलाखतीत पदवीबद्दल कुणी एक शब्द विचारला नाही. एसएससीपीबद्दल विचारलं, आणि त्या लेबल प्रिंटरचा मेल ज्याला लिहिला होता तो नेटवर्कचा माणूस मुलाखत घेणाऱ्यांत होता. एप्रिलपासून मी दिवसपाळीला आहे. आठ वर्षांनी घरात तिघं एकत्र रात्रीचं जेवतो.

कुणी नाव घालणार असेल आणि काही विचारायचं असेल तर खुशाल विचारा, शनिवारी मी मोकळा असतो. टेकफाइटचे माझे पेपर मात्र मागू नका. तिथं जुळणी तपासतात आणि तुमचंच वर्ष जाईल. तपासणीचा तक्ता कसा वाचायचा आणि तो सांधा कुठं लिहायचा, ते मी तुमच्याबरोबर बसून दाखवीन.